हातावरचं पोट

आमच्या बंदरात सगळ्यांचंच पोट हातावर.
खेकडे आले तर आले,
बर्फ हटला नाही तर होड्या एप्रिलभर पालथ्या.
पण मेझीचं पोट
खरोखरच माझ्या हातांवर आहे,
रोज संध्याकाळी, सातच्या सुमारास.

अडीच वर्षांची आहे. आतडं उरलंय वीतभर.
बाकीचं आठव्या दिवशीच काढून टाकलं,
सेंट जॉन्सच्या मोठ्या दवाखान्यात.
छातीतून एक पांढरी नळी निघते, शेवयीसारखी,
आत थेट काळजाच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली.
नर्स बर्निस म्हणाली होती,
"हेडली, जेवण ह्याच दारानं जाणार
आणि जंतूही ह्याच दारानं.
त्यांना आवतण लागत नाही."

पिशवी दुपारीच बाहेर काढून ठेवतो.
तिच्यासाठी वेगळा फ्रिज, कॉडला तिथं मज्जाव.
मांजर बाहेर. पंखा बंद. टेबल पुसलेलं.
व्हर्ना पिशवीवरचं नाव मोठ्यानं वाचते,
जणू घरात दहा मेझी आहेत.
अंगठी बशीत.
मग हात:
नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट.
वीस वर्षं ह्या हातांना आमिषाचा वास होता,
आई म्हणायची, प्रार्थनेतसुद्धा येतो.
आता येत नाही.
हात धुवून मागे लागलोय मी
जे दिसत नाही त्याच्या.
थंडीत सांधे फुटतात, रक्त येतं,
मग त्या दिवशी व्हर्ना करते सगळं
आणि मी दारात उभा राहून चुका शोधतो.

नळीचं तोंड घासायचं, पंधरा सेकंद.
मी घड्याळ बघत नाही, खाडीतले खडक म्हणतो,
आजोबांनी धुक्यासाठी शिकवले त्याच क्रमानं:
टकल्या, पाद्रीची टोपी, दोघी बहिणी,
बुडका, खोटा बुडका, जुनी चूल...
शेवटचा "हॅरीचा दात" मेझी स्वतः ओरडते.
त्यानंतर सुकू द्यायचं.
फुंकर घालायची नाही.
हेच सगळ्यात अवघड.
लागलं, भाजलं की फुंकर घालायची,
बापाला दुसरं येतं काय?

मार्चमध्ये एका रात्री पंप ओरडला.
चादर ओली, आणि ओल तांबूस.
नळीला भेग, पलंगाच्या खिळ्यानं
की तिच्या नव्या दातांनी, अजून कळलेलं नाही.
निळा चिमटा तिच्या झग्याला कायम टाचलेला असतो.
भेगेच्या अलीकडे लावायचा, पोरीच्या बाजूला.
अलीकडे म्हणजे कुठे, हे शंभरदा घोकलेलं,
तरी त्या क्षणी मी नळीकडे
उलट्या नकाशाकडे बघावं तसा बघत राहिलो.
व्हर्नानं लावला.
पोटाला चिमटा बसला लेकीच्या.

पाच तासांचा रस्ता, बर्फ, आणि एका वळणावर
गाडीपेक्षा उंच मूस, अजिबात न हलणारा.
मागून व्हर्ना म्हणाली, "खडक म्हण."
म्हटले. किती वेळा, मोजलं नाही.
बाराव्या की विसाव्या फेरीत
मागून झोपाळू आवाज आला, "हॅरी."
दवाखान्यात नळी जोडून दिली.
ताप आला नाही. दोन दिवस दर तासाला बघत होते,
आला नाही.

शेजारच्या आयरीनकाकू अजून विचारतात,
"जेवली का गं बाय?"
काय सांगायचं?
रात्रभर जेवत होती, झोपेत, बारा तास.
सकाळी टोस्टवरचं लोणी चाटून टोस्ट मला देते.

काल नळी सोडवायच्या आधी
हात धुऊन, कोरडे करून बसलो होतो.
तिनं माझी फुटलेली बोटं पाहिली,
वाकली,
आणि गाल फुगवून फुंकर घातली.
मोठी. थुंकीसकट.

व्हर्ना काही बोलली नाही.
मी उठलो, नळ सोडला.
टकल्या, पाद्रीची टोपी, दोघी बहिणी.